वेपवर बंदी आहे. सिगारेट सोडू पाहणाऱ्याने काय करायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-सिगारेटींचा, म्हणजेच द्रव तापवून त्याची वाफ ओढायच्या ‘वेप’ या यंत्रांचा, साठा पकडल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येत असतात. कधी परदेशातून आलेल्या पार्सलात, कधी महाविद्यालयाजवळच्या पानाच्या दुकानात, तर कधी एखाद्या घरातून चालणाऱ्या धंद्यात हा माल सापडतो. किती नग होते, त्यांची किंमत किती, गुन्हा कोणावर नोंदला, एवढे आपल्याला कळते. हा माल विकत घेणारा कोण असतो, याविषयी मात्र या बातम्यांत सहसा काही नसते. वाचकाच्या डोळ्यांसमोर कॉलेजातली मुले येतात, आणि ते खोटेही नाही. परंतु घेणाऱ्यांत आणखी एक वर्ग आहे आणि त्याच्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. दहा-पंधरा वर्षे सिगारेट ओढत असलेली, ती सुटावी असे मनापासून वाटणारी आणि त्यासाठीच वेपकडे वळलेली ही माणसे आहेत. पुण्यातील एका रुग्णालयात तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना समुपदेशन करण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे, आणि अलीकडे असा माणूस भेटला नाही असा आठवडा क्वचितच जातो.

ही माणसे पहिला प्रश्न बहुधा चाचरतच विचारतात. वेप खिशात असतो, पण तो बाहेर काढावा की नाही हे त्यांना कळत नाही, कारण वस्तू बंदीची आहे हे त्यांना ठाऊक असते. “मॅडम, हे घेतलं तर सिगारेट सुटेल का?” किंवा “निदान यात धूर तरी नाही ना?” असे ते विचारतात. या प्रश्नाला आपल्याकडे दोनच ठरलेली उत्तरे मिळतात. घरची माणसे आणि बरेचसे डॉक्टर म्हणतात, “ते सिगारेटपेक्षाही वाईट.” विकणारा म्हणतो, “नुसती वाफ आहे, काही होत नाही.” दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि माझा अनुभव असा की दोन्ही उत्तरे ऐकून माणूस सिगारेट ओढतच राहतो. सोडू पाहणाऱ्याला पूर्ण खरे सांगितले जावे आणि त्याच्या हाती कायदेशीर, परवडणारा उपचार पडावा, एवढाच माझा आग्रह आहे. पण आज या दोन्ही गोष्टी होत नाहीत.

कायद्याचे आधी सांगते, कारण त्याविषयीही गैरसमज पुष्कळ आहेत. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी बंदीची घोषणा केली, तसा अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर त्याने बंदी आली. साठवण वगळता बाकीच्या बाबतींत पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. वापरणाऱ्यासाठी मात्र या कायद्यात स्वतंत्र शिक्षा नाही. याच कायद्यातील एका तपशिलाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना मिळालेले उत्पादन ई-सिगारेटच्या व्याख्येतून वगळलेले आहे. म्हणजे व्यसन सोडवण्यासाठी निकोटिन, म्हणजे तंबाखूतले व्यसन लावणारे द्रव्य, औषधाच्या रूपात, मोजून-मापून देण्याचा मार्ग कायद्याने बंद केलेला नाही. तो मार्ग मोकळा असूनही ओस पडला आहे, आणि माझी तक्रार मुख्यतः याविषयी आहे.

सिगारेट ओढणाऱ्याला वेपचे आकर्षण का वाटते, हे आधी नीट ऐकून घ्यायला हवे. बाहेरच्या माणसाला वाटते की हे चवीचे आणि फॅशनचे वेड आहे. माझ्यासमोर बसणारी पस्तिशीची माणसे चवीविषयी क्वचितच बोलतात. ती वासाविषयी बोलतात. घरात लहान मूल आहे, कडेवर घेतले की कपड्यांचा वास येतो म्हणून बायको बोलते. आईवडील एकत्र राहतात आणि इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर कबुली दिलेली नाही. गाडीत वास राहतो. वेपने हा वास जातो, आणि वास गेला की अपराधीपणही बरेचसे जाते. सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर वास हेच मुख्य कारण असते, कारण त्यांच्याकडे पाहणारी समाजाची नजर अधिक कठोर आहे आणि त्या सल्ला मागायलाही कमी येतात. दुसरे कारण हाताच्या सवयीचे. हिंजवडी किंवा खराडीच्या कंपन्यांखालच्या टपऱ्यांवर चहाबरोबर सिगारेट हा कामाच्या दिवसाचा भागच होऊन बसलेला असतो. बैठका, भांडणे, बढत्या, सगळ्याची चर्चा तिथेच होते. निकोटिनची गोळी चघळत त्या घोळक्यात उभे राहणाऱ्याला आपण बाहेर पडल्यासारखे वाटते, तर वेप हातात असला की घोळक्यातली जागा टिकते. तोंडाला आणि हाताला चाळा हवा असतो आणि घशाला तो झटका हवा असतो. या गरजा खऱ्या आहेत. व्यसनात निकोटिनचा वाटा मोठा असला तरी दिवसातून शेकडो वेळा हात तोंडाशी नेण्याच्या सवयीचा वाटाही लहान नाही, आणि वेप या दोन्ही गोष्टी एकदम पुरवतो. हे यंत्र आजच्या रूपात २००३ च्या सुमारास घडवणारे हान लिक हे चीनमधील औषधशास्त्रज्ञ स्वतःच सिगारेट ओढणारे होते, ही गोष्ट मला इथे महत्त्वाची वाटते.

आता जे यंत्र खिशातून बाहेर येते त्याविषयी. ते बहुधा रंगीत, बोटभर लांबीचे, एकदा वापरून फेकायचे असते. त्यावर एखाद्या फळाचे चित्र, ‘इतके हजार पफ’ असा दावा आणि कोपऱ्यात ‘५%’ असा आकडा असतो. आयात करणाऱ्याचा पत्ता नाही, छापील किंमत नाही, तक्रार कोठे करायची ते नाही. मी तो ५% चा आकडा दाखवून याचा अर्थ काय असे विचारते, तेव्हा बहुतेकांना वाटते की निकोटिन फक्त पाच टक्के आहे, म्हणजे अगदी थोडे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एका मिलिलिटर द्रवात सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटिन असा होतो. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात हीच मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. शिवाय या द्रवातले निकोटिन क्षाराच्या रूपात असल्यामुळे ते घशाला बोचत नाही आणि माणूस नकळत जास्त ओढतो. आणि ‘५%’ हा आकडा तरी खरा आहे का, हे सांगणारे कोणी नाही, कारण बंदी असलेल्या मालाची तपासणी कोण करणार? विकत घेणाऱ्याने तक्रार करायची म्हटले तरी कोणाकडे करायची?

सिगारेटची कांडी ओढणाऱ्याला आपण किती ओढतो याचा हिशेब असतो. “दिवसाला आठ”, “पाकीट दोन दिवस जातं” असे तो सांगू शकतो, कारण कांडी जळून संपते आणि पुढची पेटवण्यासाठी खाली उतरावे लागते. वेपला असा शेवट नसतो. तो टेबलावर पडलेला असतो, गादीशेजारी असतो, स्वच्छतागृहात सोबत जातो. किती ओढले हे विचारले की समोरचा माणूस गप्प होतो. सोडण्यासाठी म्हणून घेतलेल्या वस्तूने दिवसभरातले निकोटिन कमी होण्याऐवजी वाढले, असे मी वारंवार पाहिले आहे. दुसरा प्रकार याहून अधिक आढळतो. घरात वेप आणि ऑफिसखाली सिगारेट, असे दोन्ही चालू राहते. बारा कांड्यांच्या पाच झाल्या म्हणून माणूस समाधानी होतो आणि सोडण्याचा विषय तेथेच थांबतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दृष्टीने कमी ओढण्याला काही अर्थ आहे. हृदयाच्या बाबतीत मात्र हिशेब इतका सरळ नाही. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो दिवसाला वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळजवळ निम्मा असतो, असे २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात दिसून आले. चाळिशीच्या आत हृदयविकाराचे झटके येणाऱ्या आपल्या समाजात ‘थोडीच ओढतो’ हे समाधान फार महागात पडते.

म्हणून वेपने सिगारेट सुटतच नाही, असे म्हणावे का? तसे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर हायेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथील सरकारी धूम्रपानमुक्ती केंद्रांत आलेल्या ८८६ जणांपैकी काहींना ई-सिगारेट आणि काहींना चघळायची गोळी, त्वचेवर चिकटवायची पट्टी यांसारखी निकोटिनची औषधे देण्यात आली. एका वर्षानंतर ई-सिगारेटच्या गटातील १८ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, तर औषधांच्या गटातील सुमारे १० टक्के. त्यानंतर झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने घेतला असून त्याचाही निष्कर्ष साधारण तसाच आहे: निकोटिन असलेल्या ई-सिगारेटने शंभरातील आठ ते दहा जण सोडतात, निकोटिनच्या औषधांनी सहा आणि मदतीशिवाय किंवा नुसत्या सल्ल्याने चार. ब्रिटिश सरकारने तर २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना वेपचे संच देण्याची योजना जाहीर केली. लंडन किंवा लेस्टरला राहणारा भाऊ तेथील डॉक्टरनेच वेप सुचवल्याचे सांगतो आणि इथला डॉक्टर त्याच वस्तूला विष म्हणतो, तेव्हा पुण्यातल्या माणसाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. त्याला इंग्लंडमधले हे आकडे सांगायलाच नको, असे मानणारे सहकारी मला भेटतात. मला ते पटत नाही. तो माणूस शिकलेला आहे, त्याच्या हातात फोन आहे आणि आपण लपवलेली गोष्ट त्याला पाच मिनिटांत सापडते. त्यानंतर आपल्या कोणत्याच सल्ल्यावर त्याचा विश्वास राहत नाही.

मात्र हेच आकडे पूर्ण वाचले तर ते विकणाऱ्यालाही सोयीचे नाहीत. पहिली गोष्ट, शंभरातील आठ-दहा म्हणजे किमान नव्वद जणांची सिगारेट त्या प्रयत्नात सुटली नाही. विकणारा हे सांगत नाही आणि घेणाऱ्यालाही ठाऊक नसते, त्यामुळे तो रामबाण उपायाच्या अपेक्षेने येतो. दुसरी गोष्ट, हायेक यांच्या प्रयोगात सिगारेट सोडण्यात यशस्वी झालेल्या ई-सिगारेटवाल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. औषधांच्या गटात वर्षानंतर औषध घेत राहिलेले फक्त ९ टक्के होते. सिगारेट सुटली, निकोटिन राहिले. तिसरी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की त्या माणसांना निकोटिनचे प्रमाण ठाऊक असलेला, नियमांखाली तयार झालेला द्रव मिळाला होता आणि किमान चार आठवडे दर आठवड्याला त्यांच्याशी बोलणारा समुपदेशक होता. आपल्याकडच्या माणसाच्या वाट्याला यातले काय येते? निनावी माल, अंदाजाने ओढणे आणि लपवाछपवी. इंग्लंडचे यश दाखवून आपल्या टपरीमागचा वेप विकणे ही म्हणूनच शुद्ध फसवणूक आहे. आणि ज्या देशाने वेपला उपचारात स्थान दिले, त्यालाही मुलांच्या हाती ते पडू लागल्यावर १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या वेपची विक्री बंद करावी लागली, हेही विसरून चालणार नाही. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये वेप फक्त औषधांच्या दुकानापुरते मर्यादित केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत निकोटिनची औषधे आणि व्हरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन व सायटिसिन या तलफ कमी करणाऱ्या औषधांची शिफारस आहे, ई-सिगारेटची नाही.

आता ‘सिगारेटपेक्षाही वाईट’ या वाक्याविषयी. २०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा गंभीर आजार झाल्याच्या बातम्या जगभर पसरल्या. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २,८०७ रुग्ण रुग्णालयात दाखल झाले होते आणि ६८ जणांचा मृत्यू झाला होता. त्या आजाराचा मुख्य संबंध गांजातील मादक द्रव्याच्या बेकायदा वेपमध्ये मिसळलेल्या ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’ या तेलकट पदार्थाशी होता, हे पुढे स्पष्ट झाले. पण ते स्पष्टीकरण त्या बातम्यांइतके दूर पोहोचले नाही. इंग्लंडमध्येसुद्धा २०२३ मध्ये धूम्रपान करणाऱ्या निम्म्याहून अधिक प्रौढांचा समज होता की वेप सिगारेटइतकाच किंवा तिच्याहून अधिक घातक आहे. सिगारेटमध्ये तंबाखू जळतो. त्या धुरात सुमारे सात हजार रसायने असतात आणि त्यांपैकी सत्तरेक कर्करोगकारक आहेत. वेपमध्ये काही जळत नाही, द्रव तापून त्याचा फवारा होतो, म्हणून त्यात डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नसते. घातक पदार्थ त्यातही असतात, निकोटिनचे व्यसन पुरेपूर असते, दीर्घकाळचे परिणाम अजून पूर्ण उलगडलेले नाहीत आणि कधीच सिगारेट न ओढलेल्या मुलाने ते हाती घेण्याचे कोणतेही समर्थन नाही. पण पंधरा वर्षे सिगारेट ओढणाऱ्याला आपण वेप अधिक घातक आहे असे सांगतो, तेव्हा तो मनात काय ठरवतो? “मग आपली सिगारेटच बरी.” हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की त्याची मला भीती वाटते. भारतात सिगारेट आणि बिडी गल्लीच्या तोंडावर राजरोस मिळतात. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट व बिडी विकण्यावर बंदी घातली, तरीही कोणत्याही टपरीवर एक कांडी मागितली तर ती मिळते आणि पेटवायला लायटरही टांगलेला असतो. वेपची भीती घालून माणसाला आपण या टपरीकडे परत पाठवतो आहोत.

वेप साफ नाकारणारेही अनेक जण असतात, आणि त्यांचे म्हणणेही तितक्याच आदराने ऐकले पाहिजे. “एक व्यसन सोडायला दुसरं कशाला लावून घेऊ?” असे ते विचारतात. यामागे निकोटिनपासूनच मोकळे होण्याची इच्छा असते आणि ती योग्य आहे. पण हाच युक्तिवाद ते निकोटिनच्या गोळीलाही लावतात आणि मग कोणतीच मदत घेत नाहीत. “मनात आणलं की सुटते” हा आपल्या समाजातला फार खोलवर रुजलेला समज आहे. औषध घेऊन सोडणे म्हणजे इच्छाशक्ती कमी असल्याची कबुली, असे विशेषतः पुरुषांना वाटते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील धूम्रपान करणाऱ्यांपैकी ३८.५ टक्के लोकांनी आधीच्या वर्षभरात सोडण्याचा प्रयत्न केला होता आणि ५५ टक्क्यांहून अधिक लोक सोडण्याचा विचार करत होते. या प्रयत्न करणाऱ्यांत मोठी बहुसंख्या कोणतीही मदत न घेता सोडू पाहणाऱ्यांची होती. पहिल्या तीन-चार दिवसांत तलफ सर्वांत जोरात येते, चिडचिड होते, झोप बिघडते, कामात लक्ष लागत नाही. हे शरीराचे निकोटिनसाठी मागणे आहे, हे आधी कोणी सांगितलेले नसते, त्यामुळे माणूस स्वतःलाच दोष देत पुन्हा पेटवतो. त्याच सर्वेक्षणात डॉक्टरांकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांनाच सोडण्याचा सल्ला मिळाला होता. ज्याला डॉक्टरांनी विचारलेच नाही, तो टपरीवरच्या मित्राचा सल्ला घेतो, आणि तो मित्र वेप काढून दाखवतो.

आपल्या राज्यापुरते बोलायचे तर याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे होते. त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि मळलेला तंबाखू, खर्रा, मावा, मिश्री असे धूरविरहित प्रकार घेणारे २४.४ टक्के; काही जण दोन्ही घेतात. त्यामुळे वेपविषयीची सगळी चर्चा एका अर्थाने शहरातल्या, सिगारेट परवडणाऱ्या वर्गाची आहे. बिडी ओढणाऱ्या माणसाला वेप ठाऊकही नसतो आणि ठाऊक असला तरी परवडत नाही. त्याच्यासाठी आपण काय केले, हा प्रश्न याहून मोठा आहे. परंतु त्याला द्यायचा उपचार आणि वेपवाल्याला द्यायचा उपचार एकच आहे, म्हणून मी दोघांसाठी मिळूनच लिहिते आहे.

तो उपचार म्हणजे निकोटिनची चघळायची गोळी, पट्टी, गरज पडल्यास डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी व्हरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑन ही औषधे, आणि त्यांच्या जोडीला बोलणारे माणूस. यातली २ मिलिग्रॅमची गोळी औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. “ती घेऊन पाहिली, काही उपयोग झाला नाही,” असे माझ्याकडे येणारे निम्मे लोक सांगतात. कशी घेतली असे विचारले की कारण लगेच कळते. च्युइंगमसारखी भराभर चावली, सुटलेली लाळ गिळली, घसा जळजळला, उचकी लागली, मळमळले आणि पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या कपाटात गेल्या. ही गोळी अशी चावायची नसतेच. चार-सहा वेळा सावकाश चावून मिरमिरल्यासारखे झाले की ती गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायची, मिरमिर कमी झाली की पुन्हा दोन-चारदा चावायची आणि जागा बदलून ठेवायची. असे साधारण अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते, पोटात गेलेले बहुतांशी वाया जाते. गोळी घेण्याआधी पंधरा मिनिटे आणि ती तोंडात असताना चहा-कॉफी घ्यायची नाही, कारण त्यातील आम्लामुळे शोषण कमी होते, आणि आपल्याकडे सिगारेटची तलफ येते ती नेमकी चहाबरोबरच. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला २ मिलिग्रॅमची गोळी बहुधा पुरत नाही, ४ मिलिग्रॅमची लागते, आणि तिला चिठ्ठी लागते. पट्टी सकाळी लावायची आणि तलफेच्या वेळी गोळी घ्यायची, असे दोन्ही एकत्र केल्यास एकट्या गोळीपेक्षा यश अधिक मिळते. यातले काहीही दुकानात सांगितले जात नाही. ग्राहक गोळी मागतो, दुकानदार गोळ्या कापून देतो आणि व्यवहार संपतो. दिवसाला दहा-बारा गोळ्या लागण्याच्या काळात माणूस दोन गोळ्या घेतो आणि औषध निरुपयोगी ठरवून वेप शोधू लागतो.

हाताला आणि तोंडाला चाळा हवा, ही वेपवाल्यांची मागणी गोळीने पूर्ण होत नाही, हे मला मान्य आहे, आणि त्यावर मी बडीशेप, लवंग, पाण्याची बाटली, टपरीऐवजी दुसऱ्या ठिकाणी चहा असे साधे मार्ग सुचवते. एक तलफ काही मिनिटेच टिकते. ती टाळायला शिकवता येते. हे शिकवण्याचे काम मोफत दूरध्वनी सेवेवरही होते. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक २०१६ पासून सुरू आहे, सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो, आणि मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालयही या सेवेशी जोडलेले आहे. वर्षानुवर्षे पाकीट हाताळणाऱ्यांना “हा क्रमांक पाहिला आहे का?” असे मी विचारते, तेव्हा बहुतेकांनी चित्र पाहिलेले असते, क्रमांक नाही. आणि सुटी कांडी घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही. वेप घेऊन बसलेल्याने या क्रमांकावर बेधडक फोन करावा. तेथे कोणी गुन्हा नोंदवत नाही. डॉक्टरांपुढेही त्याने वेप ओढत असल्याचे सांगावे, कारण ते लपवले तर निकोटिनची मात्रा ठरवताना अंदाज चुकतो. ज्यांनी वेपच्या साहाय्याने सिगारेट खरोखरच पूर्ण सोडली आहे, त्यांना मी पुन्हा सिगारेटकडे वळू नका असे पहिल्यांदा सांगते आणि मग वेपही गोळीच्या मदतीने कमी करत आणते. त्यांनी केलेला प्रयत्न मोडीत काढण्याचे मला काही कारण दिसत नाही.

बंदी उठवावी, असे मी म्हणत नाही. शाळेच्या दप्तरात वेप सापडू लागल्याचे शिक्षक सांगतात आणि आपल्या यंत्रणेला सुटी सिगारेट थांबवता आलेली नाही, तेव्हा वेप खुले केले तर ते फक्त सोडू पाहणाऱ्या प्रौढांपर्यंतच पोहोचेल, अशी खात्री मला देता येत नाही. पण सरकारने एक दार बंद केले तर दुसरे दार उघडे आहे आणि ते कोठे आहे, हे दाखवण्याची जबाबदारीही सरकारवरच येते. सिगारेट विकायला परवानगी, तीतून सुटण्यासाठी लोक स्वतःहून शोधत असलेल्या वस्तूवर बंदी, आणि मान्यताप्राप्त औषध मात्र खिशातून पैसे घालून, कोणी न शिकवता घ्यायचे, ही व्यवस्था सिगारेट ओढणाऱ्याच्या बाजूने पाहिली तर अन्यायाची आहे. मी ती बाजू मांडते आहे, कारण ही माणसे स्वतः पत्र लिहिणार नाहीत. बहुतेकांच्या घरीच ते ओढतात हे ठाऊक नसते.

जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे आहेत, परंतु त्यांच्या वेळा नोकरी करणाऱ्याला सोयीच्या नाहीत आणि रोजंदारीवरच्या माणसाला एक खाडा परवडत नाही. महापालिकांचे आपल्या वस्तीतले दवाखाने आणि ग्रामीण भागातली प्राथमिक आरोग्य केंद्रे येथे निकोटिनच्या २ आणि ४ मिलिग्रॅमच्या गोळ्या व पट्ट्या किमान पहिल्या आठ ते बारा आठवड्यांसाठी मोफत मिळाल्या, आणि त्या देताना परिचारिकेने पाच मिनिटे बसवून गोळी कशी चघळायची हे दाखवले, तर वेपविषयी चाचरत विचारणाऱ्या माणसाला देण्यासारखे उत्तर आपल्या हाती येईल. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना एवढीच गोष्ट शिकवावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने सायंकाळी सहानंतर उघडी राहणारी केंद्रे निदान पुणे, मुंबई, नाशिक आणि नागपूर येथे सुरू करावीत, अशी माझी या पत्राद्वारे विनंती आहे. टपरीवर गर्दी होते ती त्याच वेळी.

आपली विश्वासू,
एक तंबाखूमुक्ती समुपदेशक, पुणे